झुलत्या कीलची खीळ

शनिवार, ऑक्टोबर. मिशिगन सरोवराचा हंगाम संपला, बोट स्टँडवर चढली. कॅटालिना २२, फ्रँक बटलरचं १९६९चं डिझाइन; आमची तशी जुनीच. झुलतं कील म्हणजे जवळपास २५० किलो ओतीव लोखंड. वर घेतलं की २ फूट पाणी पुरतं, खाली सोडलं की ५ फूट लागतं. एवढा भार पुढे ब्राँझच्या एका खिळीवर, मागे विंचच्या पोलादी केबलवर.

आज खिळीवर नख फिरवलं तर खाच लागली. कीलमधलं तिचं भोकही सैल झालंय. म्हणूनच नांगरल्यावर रात्रभर ठकठक. खीळ बदलणं सोपं, भोक पुन्हा गोल करून बुश बसवणं कटकटीचं. पण नुसती खीळ बदलणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

गोड्या पाण्यात कीलवर गंज सावकाश चढतो, चढतो मात्र नक्की. खरवडलं की त्याच दिवशी इपॉक्सी. केबलची एक तार जरी उसवलेली दिसली तरी नवीच घ्यायची. केबल तुटून कील कोसळलं तर बोटीचं अंगच फुटायचं. शेजारचे आजोबा म्हणतात, अजून एक हंगाम निघेल. निघेलही, त्यांच्या बोटीवर.

कीलखाली ओंडके रचून झाले. कीलचा भार त्यांच्यावर टेकेपर्यंत खीळ काढायची नाही.