चिंचवडची हवा

आमच्या लहानपणीं घरांत कोणास मुदतीचा ताप येऊन गेला, कीं त्यास चार दिवस चिंचवडास आत्याबाईंकडे धाडण्याचा प्रघात होता. पवनेचें पाणी हलकें आणि हवा कोरडी, एवढें औषध पुरे, असा त्यांचा विश्वास. आत्याबाई आतां नाहींत, त्यांचा वाडाहि नाहीं. तथापि मार्गशीर्षांत मोरया गोसावींच्या समाधि-उत्सवाचें निमित्त साधून आम्ही मंडळी पुन्हां तिकडे गेलों. खरें कारण निराळें होतें. आमची पुतणी व जांवई पुनावळ्यास एका नव्या इमारतींत सातव्या मजल्यावर राहतात, आणि त्यांच्या पांच वर्षांच्या चिरंजीवांचा खोकला दिवाळीपासून हटत नव्हता.

पहांटे समाधि-मंदिराच्या घाटावर उभे राहिलों, तों पलीकडचा कांठ दिसेना. धुकें म्हणावें तर त्यास ओल्या मातीचा वास नव्हता. जळक्या रबराचा व डिझेलचा दर्प होता. हिंवाळ्याच्या रात्रीं जमीन लौकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खालींच बसते, आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झांकणासारखी राहते. पातेल्यांत वाफ कोंडावी तसा रात्रभरचा धूर-धुरळा त्याखालीं कोंडतो. ऊन चढून जमीन तापली म्हणजे मग तें झांकण उचललें जातें. शुद्ध हवेसाठीं वडील मंडळी ज्या वेळीं फिरावयास निघतात, तीच वेळ येथें हिंवाळ्यांत वाईट ठरते. ब्राह्म मुहूर्ताच्या आमच्यासारख्या अभिमान्यांस हें ऐकून किंचित् वैषम्य वाटलें.

या भागांतील मोठ्या कारखानदारीचा आरंभ १९५४ सालीं पिंपरीस निघालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सपासून धरतात. म्हणजे पेनिसिलिन करण्यापासून, रोग बरा करण्यापासून! १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ झालें, मोटारींचे कारखाने आले, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि वसाहत पसरत पसरत चाकणास पोंचली. ज्या भुईकोटांत फिरंगोजी नरसाळ्यांनीं १६६० सालीं शाइस्तेखानाची फौज जवळजवळ दोन महिने थोपवून धरली, त्याच चाकणांत आज मालमोटारींच्या रांगा थोपून राहतात. जांवई रोज त्या रांगेंतून कामावर जातात. आम्ही कारखान्यांस नांवें ठेवावयास निघालों नाहीं. त्यांच्या पगारावर आमच्या नात्यांतील पांच घरें तरी उभीं आहेत.

शिवाय पुतणीच्या गॅलरींतून एकहि धुराडें दिसत नाहीं. दिसतात त्या तीन उंच, पांढऱ्या टांक्या. तो तयार काँक्रीट मिसळण्याचा कारखाना. तेथील लोक त्यास 'आरएमसी' म्हणतात. सिमेंटचा बंद टँकर दाबाच्या हवेनें सिमेंट टांकींत फुंकतो, आणि ती हवा वरच्या कापडी गाळणींतून बाहेर पडते. गाळणी फाटली कीं हवेबरोबर सिमेंटहि निघालें. खडीचे उघडे ढीग आहेतच. पण त्याहून त्रास देतो तो गाड्यांच्या चाकांनीं रस्त्यावर आणलेला चिखल. तो वाळतो, पुढच्या चाकाखालीं दळला जातो, आणि उडतो. सिमेंट येथें भाजत नाहींत. चुनखडी सुमारें १४५० अंशांवर भाजण्याचें काम चंद्रपुराकडे, घुगुस-गडचांदुरास चालतें. भट्टीचा ताप तिकडच्यांच्या वांट्यास, मिसळण्याचा इकडच्यांच्या.

विहीणबाईंनीं आम्हांस तुळस दाखविली. सकाळीं पुसलेलीं पानें दुपारीं पिठूळ झालीं होतीं. "दिसतें तें मी पुसतें हो," त्या म्हणाल्या, "न दिसणारें कसें पुसूं?" त्यांनीं नेमकें वर्म सांगितलें. अडीच मायक्रॉनांहून लहान कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनहि बारीक असतात. नाक त्यांस अडवीत नाहीं, ते फुप्फुसांत खोल उतरतात. आपल्याकडे २००९ सालीं त्यांची दिवसाची मर्यादा घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम ठरली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सांगितलेली मर्यादा १५ आहे. तेव्हां आपल्या फलकावर जी हवा 'समाधानकारक' ठरते, ती त्या मापानें चौपट वाईट असूं शकते. जांवई मोबाइलवर हवेचा आंकडा पाहून खिडक्या उघडावयाच्या कीं नाहीं तें ठरवितात. पंचांग पाहून प्रस्थान ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या आम्हांस ही रीत परकी वाटली नाहीं.

रहिवाशांनीं तक्रार केल्यावर आठ दिवस रस्त्यावर पाणी मारलें गेलें, हिरवें कापड बांधलें गेलें. मग कापड फाटलें. घर विकावें तर कर्जाचीं चौदा वर्षें उरलीं आहेत. डॉक्टरांनीं महिनाभर हवापालट सुचविला होता. चिरंजीवांस आमच्याकडे पुण्यास न्यावें असें आम्ही बोलून गेलों, तों पुतणीनें विचारलें, "काका, आपल्या वाड्याचें काम कोठवर आलें?"

आमचा जुना वाडा पाडून तेथें इमारत होत आहे, आणि आम्ही समोरच भाड्यानें राहतों. तिसरा स्लॅब मागल्याच आठवड्यांत पडला. रात्रभर मिक्सर येत होते. स्लॅब एकसंध पडला म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं पेढे वांटले. समोरच्या बिऱ्हाडीं दम्याच्या आजीबाई आहेत; पेढे त्यांनाहि दिले.

चिरंजीव शेवटीं गुहागरास आजोळीं गेले. परवां बंधूंचा निरोप आला: खोकला थांबला आहे, पोरगा वाळूंत खेळतो. जून महिन्यांत शाळेसाठीं त्यास परत आणावें कीं नाहीं, हें पुतणीनें अद्याप ठरविलेलें नाहीं.