टिपणांची खतावणी

पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेऊन उत्तर-पेशवाईतील जकातीच्या वहिवाटीवर लघुप्रबंध लिहिण्याचे मी निश्चित केले, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो व्यवस्थेचा. पेशवे दप्तरातील मोडी कागद, छापील साधनखंड, नियतकालिकांतील जुने लेख आणि वर्गातील व्याख्याने अशा चार वाटांनी येणारी माहिती कोठे आणि कोणत्या रीतीने नोंदवावी, म्हणजे पुढे एखादे विधान करण्याची वेळ आली असता त्याचा आधार तात्काळ पुढे ठेवता येईल?

पुण्याच्या अभ्यासकास या कामी थोर वारसा लाभलेला आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली डेक्कन कॉलेजात आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तेथे जतन केलेल्या आहेत. तिकडे जर्मनीत निक्लास लुहमान या समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांकांच्या साहाय्याने एकमेकींशी जोडून आपली ग्रंथसंपदा निर्माण केली. आजच्या संगणकीय टिपणपद्धती याच कुळातल्या आहेत, आणि चिठ्ठीवर तिचे मूलस्थान नसेल तर ती चिठ्ठी निरुपयोगी होय, हा त्या कुळाचा धर्म मी प्रथमपासून शिरोधार्य मानला.

माझ्या रचनेचा सांगाडा मात्र मला जुन्या कचेरीतच सापडला. तेथे दिवसाचा व्यवहार घडला त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिला जाई, आणि मागाहून प्रत्येक कलम आपापल्या खात्यावर खतावले जाई. ऑब्सिडियन या प्रणालीत मी तीच शिस्त बसवली. दिवसभर जे वाचले ते त्या तारखेच्या टिपणात वाचनाच्या क्रमाने उतरते. आठवड्याच्या अखेरीस त्यातील एकेक कलम ‘दस्तक’, ‘माफी’, ‘कमाविसदार’ अशा खात्यांत जाते, आणि प्रत्येक कलमापाशी मूळ दिवसाच्या नोंदीकडे नेणारा दुवा राहतो. या खतावणीचा वेळ वाचवण्याचे उपाय मला अनेकांनी सुचवले. पण खरे चिंतन त्याच वेळी घडते असा माझा दृढ अनुभव असल्यामुळे ते काम मी यंत्राच्या हवाली केलेले नाही. प्रत्येक कलमाचे तीन विभाग मी कटाक्षाने वेगळे राखतो : कागदातील मूळ पाठ, त्याचे माझे वाचन, आणि त्यावरून बांधलेला माझा तर्क. हे तिन्ही एकदा मिसळले, की काही महिन्यांनी आपला तर्कच आपल्याला दप्तराचा पुरावा भासू लागतो.

ग्रंथसूचीचे काम अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सिद्ध झालेल्या झोटेरो या विनामूल्य प्रणालीकडे आहे. सारी टिपणे मार्कडाउन पद्धतीच्या साध्या लेखरूपात माझ्या स्वतःच्या संगणकावर राहतात, त्यामुळे उद्या कोणतीही कंपनी अस्तंगत झाली तरी ती वाचता येतील.

कालगणनेने बरेच दिवस घेतले. ‘सलास खमसैन मया व अलफ’ असा सन अरबी अंकशब्दांत कागदावर असला, तर तो सुहूर कालगणनेतील ११५३ होय. त्यात ५९९ मिळवले की मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या महिन्यांसाठी १७५२ हे इसवी वर्ष निघते, आणि पुढल्या जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. प्रत्येक टिपणाच्या नावाच्या आरंभी मी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने इसवी तारीख घालतो, म्हणजे संगणक आपोआप त्यांची कालानुक्रमे मांडणी करतो. ते अरबी अंकशब्द आणि मोडीची वळणे स्मरणात राहावीत म्हणून अँकी या पाठांतराच्या प्रणालीत त्यांच्या चिठ्ठ्या केल्या आहेत. जे चांगले पाठ झाले ते उशिरा, जे निसटते ते लवकर, अशा अंतराने त्या पुढे येतात.

परंतु सर्वांत अधिक श्रम घेतले ते देवनागरीतील शोधाने. ‘व्यापाऱ्यांस’ या शब्दातला अर्धा ऱ संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो : एका प्रकारात त्यासाठी स्वतंत्र वर्ण योजलेला असतो, तर दुसऱ्यात साध्या र च्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही एकरूप दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते भिन्न असल्याने एकाचा शोध घेतला असता दुसरा हाती लागत नाही. त्यातच मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसल्यामुळे एकाच गावाचे नाव माझ्या लिप्यंतरांत निरनिराळे होई. म्हणून आता कोणताही उतारा संग्रहात घेण्यापूर्वी एका लहानशा आज्ञावलीने त्यातील ऱ एकाच रूपात आणतो. आणि प्रत्येक व्यक्ती व गाव यांचे एक प्रमाण नाव ठरवून कागदांतली इतर रूपे पर्यायी नावे म्हणून त्याच टिपणात नोंदवतो. हे काम रुक्ष खरे, परंतु मराठीत संशोधन करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ते पहिल्याच सत्रात शिकवले जावे, असे मला अगदी मनापासून वाटते.

या व्यवस्थेचे फळ ‘माफी’च्या खात्यावर दिसले. नव्या पेठांत वसाहत व्हावी म्हणून व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलती आणि महागाईच्या काळात धान्यावरील जकातीत दिलेली सूट ही कलमे निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या साधनांतून टिपलेली होती. ती एकाखाली एक येताच, जकातीची माफी ही सरकारची कृपा होती की व्यापार आपल्याकडे वळवण्याचे विचारपूर्वक योजलेले साधन होते, असा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. लघुप्रबंधाचे दुसरे प्रकरण मी आता त्याच प्रश्नावर लिहीत आहे.