त्र्यंबकची वही

1

श्रावणातला तिसरा सोमवार. म्हणजे खरं तर रविवारची रात्र, फेरी तेव्हाच सुरू होते. कुशावर्तात डोकं बुडवायचं आणि ओल्या अंगाने ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालायला निघायचं. लहान फेरी साधारण वीस किलोमीटर, मोठी चाळीस. मी लहान घातली. मोठी घालणारे लहान घालणाऱ्यांकडे ज्या नजरेने बघतात, तेवढी सहन केली.

2

पहिन्याच्या पुढे एक ओहोळ आडवा येतो. तिथे एक माणूस युरियाच्या गोणीची खोळ पांघरून, हातात टॉर्च घेऊन उभा. दर दोन मिनिटांनी तेच वाक्य: "डावीकडून या, इथं निसरडं हाये."

"कोणत्या मंडळाचे तुम्ही?" मी विचारलं.

"मंडळ कसलं? मागं घर हाये माझं." मग जरा थांबून: "दरसाल कोणीतरी पडतं. आमचीच झोपमोड व्हते."

3

फेरीत फुकट मिळालेलं: चहा, साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचा लाडू, पायाला चोळायला तेल. पाच ठिकाणी चहा झाल्यावर सहाव्या ठिकाणी नको म्हटलं. तिथला पोरगा खरोखर रागावला. "त्यांचा घेतला ना? मग आमचा का नाही?"

4

गौतम ऋषींची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. दुष्काळ पडला. गौतमांच्या आश्रमात मात्र पाणी होतं, भात पिकत होता. त्यांनी दारोदार फिरणाऱ्या ऋषींना बोलावलं आणि वर्षानुवर्षं जेवू घातलं. यजमानाचं नाव होऊ लागलं तसं पाहुण्यांच्या पोटात दुखू लागलं. त्यांनी शेतात मायेची गाय सोडली. गौतमांनी दर्भाच्या काडीने ती हाकलली आणि गाय मेली. गोहत्येचं पातक लागलं. ते धुवायला तप करून नदी खाली आणावी लागली.

म्हणजे गोदावरी. 1465 किलोमीटर. नाशिकपासून राजमहेंद्रीपर्यंत माणसं पाणी पितात ते त्या पाहुण्यांच्या कृपेने.

5

ब्रह्मगिरी चढायला दगडी पायऱ्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराचीच्या एका शेठजींनी त्या स्वखर्चाने बांधून दिल्या. कराचीहून आता कोणी येत नाही.

6

पायऱ्यांवर एक आजी काकड्या घेऊन बसतात. उभी चिरून, तिखटमीठ भरून. समोर एक मुलगा टक लावून बघत होता. त्याच्या हातात अर्धी काकडी दिली. बापाने पाकीट काढलं तर म्हणाल्या, "पोराचं राहू द्या." मग बापानेही एक घेतली.

त्याचे वीस घेतले. सुटे नव्हते, तर वरच्या पायरीवरच्या बाईकडून आणायला लावले.

7

वरची माकडं कोणाच्याही दयेची वाट बघत नाहीत.

8

एसटी. नाशिकला परत जाणारी गाडी. कंडक्टर आणि एक आजी.

"कार्ड?"

"घरी राहिलं."

"वय काय?"

"गांधीबाबाला मारलं तेव्हा मी चालत व्हते."

कंडक्टरने वर टपाकडे बघून हिशोब केला. पंचाहत्तरच्या पुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. "बसा," तो म्हणाला. मागून कोणीतरी, "अहो, नियम…" तो मागे न बघता: "तुम्ही कधी चालायला लागलात?"

9

याच एसटीची दुसरी नोंद. 2020 चा आषाढ. करोनामुळे पायी वारी बंद, निवृत्तिनाथांच्या पादुका त्र्यंबकहून बसने पंढरपूरला गेल्या. भाडं: 71 हजार. बोंबाबोंब झाल्यावर पैसे परत देण्याची घोषणा झाली.

एरवी ही पालखी आठवडेच्या आठवडे चालते आणि वाटेत कोणी भाकरीचेही पैसे मागत नाही.

10

निवृत्तिनाथांना गुरू मिळाले ते वाघामुळे, असं सांगतात. वडील विठ्ठलपंत बायकोमुलांना घेऊन ब्रह्मगिरीच्या फेरीला निघाले होते. वाघ आडवा आला, पळापळ झाली, निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ. त्यांनी पोराला ठेवून घेतलं.

गावाने वाळीत टाकलेल्या घरचं पोर. आत बसलेल्याने "कोणाचा रे तू?" असं विचारलं असेलच. उत्तर ऐकूनही ठेवून घेतलं.

11

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा. त्या दिवसांत त्र्यंबकची थंडी हाडात शिरते. सभोवारच्या जिल्ह्यांतून दिंड्या येतात. महिरावणी, तळेगाव, अंजनेरी, पेगलवाडी, रस्त्याकडेच्या घरांत माणसं उतरतात. "आमच्याकडे दिंडी उतरते" हे वाक्य इथे बायका ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात शहरात "मुलगा अमेरिकेत असतो" म्हणतात.

एका घरी पहाटे चार वाजता अंगणात तीन चुली, तिन्हींवर आंघोळीचं पाणी. घरातल्यांनी मात्र आंघोळ दुपारी केली. सरपण संपलं होतं.

12

तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या आहेत. आडनाव आणि गाव सांगितलं की गुरुजी बरोबर तो कप्पा उघडतात. मला माझ्या पणजोबांची सही दाखवली. मोडीत. आयुष्यात पहिल्यांदा बघितली. घरात त्यांचा फोटो नाही, कागद नाही, काही नाही. एका अनोळखी घराने चार पिढ्या वाळवीपासून सांभाळलेली ती एक ओळ.

दक्षिणा दिली. गुरुजींनी मोजली. मोजायलाच हवी.

13

नारायण नागबळी: तीन दिवसांचा विधी. त्यातला नागबळी साप मारल्याच्या दोषासाठी. मी विचारलं, साप वाचवल्याचं काही करतात का? गुरुजी हसले. "त्याला कोण येतंय?"

14

खोरीपाडा, हरसूलकडे. वन विभागाने इथे गिधाडांसाठी उपाहारगृह चालवलं. गुरं मेली की ती तारेच्या कुंपणाआडच्या माळावर आणून टाकायची. शब्द सरकारीच आहे, उपाहारगृह, फक्त दरपत्रक नाही.

गिधाडं गेली कशाने, तर डायक्लोफिनॅकने. आजारी बैलाचं दुखणं कमी व्हावं म्हणून दिलेलं इंजेक्शन. बैल मेला की मांसातून ते गिधाडाच्या पोटात, तिथून मूत्रपिंडात. जनावरांसाठी हे औषध 2006 मध्ये बंद झालं. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं जवळजवळ संपली होती. बैलावर दया केली त्यांच्या मनात यातलं काही नव्हतं.

15

शेंद्रीपाडा, याच तालुक्यात. 2022 च्या जानेवारीत तिथल्या बायकांचे फोटो सगळीकडे झळकले: खाली तास नदीची घळ, वर आडवं टाकलेलं लाकूड, डोक्यावर हंडे. मुंबईत दखल घेतली गेली. थोड्या दिवसांत लोखंडी पूल आला, मंत्रीही आले. जुलैच्या पुरात पूल वाहून गेला.

लाकूड ज्याने टाकलं होतं त्याचा फोटो कुठे आला नव्हता.

16

दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. जन्म 30 एप्रिल 1870. पहिला चित्रपट दानशूर राजा हरिश्चंद्रावर काढला, 1913 साली. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आणि सगळ्या कंपनीला रोज रांधून घालायचं काम सरस्वतीबाई फाळक्यांकडे होतं. दिवसा स्वयंपाक, रात्री फिल्मला भोकं पाडणं. हरिश्चंद्राने सर्वस्व दिलं ते पडद्यावर दिसतं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते दिसत नाहीत.

17

एका स्टॉलवर पाटी: "चहा मोफत. कप येथेच टाकावेत." कप तिथे सोडून सगळीकडे होते. सकाळी शाळेतल्या दोन पोरी गोणीत भरत होत्या. कोणी सांगितलं? "कोणीच नाही. कप विकले जातात."

18

फेरी संपली. देवळाबाहेर चप्पल काढली होती, परत आलो तर नाही. चपला सांभाळणाऱ्याने माझ्या पायांकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट केलं. "राहिलेल्या आहेत. बघा, लागते का." जोडी सापडली नाही. डावी माझ्या मापाची निघाली, उजवी एक नंबर मोठी. पैसे विचारले तर म्हणाला, "माझ्या थोड्याच आहेत?"

पावसात अजून त्याच घालतो.