तुरियासॉरसचे दात

तुरियासॉरसचं नाव काढलं की पहिला प्रश्न वजनाचा येतो. स्पेनमधल्या तेरुएल प्रांतात, रिओदेवा गावाजवळ त्याचे जीवाश्म सापडले. नुसतं दंडाचं हाड १.७९ मीटर लांब. २००६ साली रोयो-तोरेस, कोबोस आणि आल्काला यांनी 'सायन्स'मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा वजन ४० ते ४८ टन सांगितलं होतं; पुढे काही अभ्यासकांनी ते ३० टनांच्या आसपास आणलं. कुणी हाडाच्या घेरावरून वजन काढतं, कुणी सगळ्या देहाचं घनफळ मांडून, त्यामुळे हा आकडा हलता राहणारच. मी सॉरोपॉडांच्या, म्हणजे तुरियासॉरससारख्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांच्या, दातांवर काम करते, आणि माझ्या मते या प्राण्याचं खरं मोल तिथे आहे.

हे दात रुंद, बदामाच्या आकाराचे, टोक एका बाजूला कललेलं. असे सुटे दात फ्रान्स आणि पोर्तुगालमध्ये पूर्वीच मिळाले होते, पण ते कुणाचे हे ठरत नव्हतं. रिओदेवाला दातांबरोबर कवटीचे तुकडे, मणके आणि सांध्यांसकट जुळलेला पुढचा डावा पाय हाती लागला, आणि एक अख्खं घराणं उजेडात आलं.

तोवर ब्रॅकिओसॉरस, डिप्लोडोकस, अर्जेंटिनोसॉरस असे सगळे नावाजलेले महाकाय निओसॉरोपॉड या एकाच मोठ्या शाखेत बसत होते. तुरियासॉरस त्या शाखेबाहेरचा निघाला. म्हणजे एवढा प्रचंड देह सॉरोपॉडांमध्ये वेगळ्या वाटेनेही घडला होता. मला यापुढे टनांचा वाद फार लहान वाटतो.

एवढा देह पोसायचा तरी सॉरोपॉड चावत बसत नसत. पाला तोडायचा, गिळायचा, बाकीचं काम पोटातल्या जिवाणूंवर सोपवायचं. दळणारे जबडे नकोत, म्हणून डोकं लहान. डोकं हलकं, म्हणून मान लांब. दात मात्र झिजत आणि सतत नवे येत. डिप्लोडोकसचा बारीक दात साधारण महिन्याभरात बदले, कॅमरासॉरसच्या जाड दाताला दोन महिने लागत. तुरियासॉरसच्या काळी, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, गवत नव्हतंच. सूचिपर्णी झाडं, सायकड, नेचे हाच चारा. (आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले आहेत, पण ते डायनासोर-युगाच्या अगदी अखेरचे.) रुंद दाताची कड असला जाड पाला कापायला सोयीची असावी असं मला वाटतं.

२०१७ साली अमेरिकेतल्या युटामधून मिएरासॉरस आणि मोआबोसॉरस हे याच घराण्यातले दोन प्राणी जाहीर झाले. दोघेही क्रिटेशस काळातले, म्हणजे तुरियासॉरसच्या नंतरचे. वनस्पती बदलत असताना या दातांची झीजही बदलली का, हे आता युटा आणि तेरुएलचे दात सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांशी ताडून पाहता येईल. हा अभ्यास कुणीतरी तरुणाने हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.