कागदाची सुरळी

आजारी मनुष्य रुग्णालयात पाऊल टाकतो, तेव्हा त्याची दृष्टी प्रथम डॉक्टरांना शोधते. डॉक्टरांच्या शेजारी उभ्या असलेल्या यंत्रांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारे यंत्र, हाडांचे चित्र टिपणारे क्ष-किरण यंत्र, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला मातेच्या कुशीसारखी ऊब देणारी काचेची पेटी, ही सारी मूकपणे आपली सेवा बजावीत असतात. ती बिघडली म्हणजेच त्यांची आठवण होते! वाशीमसारख्या जिल्ह्यात ही आठवण फार महाग पडते. रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या खेड्यातून आलेल्या रोग्याला ‘यंत्र बंद आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्याला अकोल्याची वा नागपूरची वाट धरावी लागते. आणि दुखणे काही वाटेत थांबून राहत नाही.

ही यंत्रे घडविणारा व ती चालती ठेवणारा जो जाणकार, त्याला जैववैद्यकीय अभियंता म्हणतात. नाव नवे आणि जडही आहे. काम मात्र जुने आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक नावाचे डॉक्टर एका तरुणीला तपासत होते. त्या काळी रोग्याच्या छातीला कान लावून ठोके ऐकण्याची रीत होती. परंतु येथे तसे करणे त्यांना प्रशस्त वाटेना. लाकडाच्या तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडले असता दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक तरुणीच्या छातीवर टेकविले व दुसरे आपल्या कानाशी धरले. काय आश्चर्य! नुसत्या कानाला येत त्याहून हृदयाचे ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडाची पोकळ नळी बनविली. हाच पहिला स्टेथोस्कोप. त्या वेळी वैद्य आणि कारागीर एकाच देहात नांदत होते.

पुढे ज्ञानाचा पसारा वाढला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यांना पुन्हा एकत्र आणण्याचे काम ही विद्याशाखा करते. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१४ साली याच हेतूने एक केंद्र स्थापन झाले. डॉक्टरांनी अडचण सांगावी व अभियंत्यांनी त्यावर साधन घडवावे, असा तेथील प्रघात. त्याची एक शाखा आपल्या विदर्भात, नागपुरासही निघाली. पवईच्या तरुण अभियंत्यांनी शरीरातील आवाज बिनतारी मार्गाने दूरवर पोहोचविणारा स्टेथोस्कोप तयार केला. २०२० साली करोनाच्या साथीत रोग्याजवळ जाणे धोक्याचे झाले, तेव्हा डॉक्टरांना तो फार उपयोगी पडला. कागदाच्या सुरळीचाच तो वंशज होय.

या विद्येसाठी बारावीपर्यंत विज्ञान शिकावे लागते आणि गणित व भौतिकशास्त्र यांवर विशेष मेहनत घ्यावी लागते. त्यानंतर चार वर्षांचा अभियांत्रिकीचा अभ्यास. कोणी यंत्र किंवा विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढे या शाखेकडे वळतात. पदवीधरांपैकी कोणी नवी उपकरणे घडवितात, कोणी ती निर्धोक आहेत की नाहीत हे पारखतात, कोणी कृत्रिम अवयव तयार करतात, तर कोणी रुग्णालयातील यंत्रांची निगा राखतात. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जेथे डॉक्टर घडतात, तेथे यंत्रे येतातच; आणि यंत्रे आली की त्यांना जाणता हातही लागतो.

पण केवळ पुस्तकी ज्ञानाने हा हात तयार होत नाही. पूर्वी परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय वापरता येत नसे. तो लावून मांडी घालता येईना, उकिडवे बसता येईना, चिखलातून चालता येईना. आपल्याकडील शेतकऱ्याने तो घेऊन करावे तरी काय? जयपूरच्या रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. शालेय शिक्षण थोडेच, पण नजर मोठी चौकस. १९६८ च्या सुमारास त्यांनी डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्याने रबराचा असा पाय घडविला की तो लावून मनुष्य अनवाणी शेतात जाऊ शकला. हाच पुढे ‘जयपूर फूट’ म्हणून प्रसिद्ध झाला. अडचण जवळून पाहिली होती, म्हणूनच उपाय सापडला.

वाशीमचा विद्यार्थी मोठ्या शहरातील महाविद्यालयात गेला, म्हणजे तेथील झगमगाटाने तो क्षणभर बावरेल. परंतु त्याच्यापाशी एक शिदोरी असते. वैशाखातील ऊन, बारीक धूळ, अवेळी जाणारी वीज आणि रोग्याला घेऊन दूरच्या गावी निघालेली माणसे, हे सारे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. या उन्हात व धुळीत टिकेल, वीज गेली तरी क्षणात थांबणार नाही, असे यंत्र हवे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. गणित व विज्ञान त्याने शिकावे. आणि आपल्या गावी जे पाहिले, त्याचा विसर मात्र पडू देऊ नये.