चुकांचा रकाना

बेसबॉलच्या धावफलकावर प्रत्येक संघाच्या नावापुढे शेवटी तीन आकडे असतात: धावा, हिट्स आणि चुका. तो तिसरा रकाना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फार कठोर वाटला होता. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर समालोचक हळहळतो, प्रेक्षक हुर्यो उडवतात, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात आणि विषय संपतो. इथे अधिकृत स्कोअरर निवाडा देतो आणि भर मैदानात खेळाडूची चूक आकडा होऊन झळकते. गेली पंचवीसेक वर्षं मी ओकलंड ॲथलेटिक्सची चाहती आहे. या संघाने आनंद मोजका दिला, संताप भरपूर दिला. त्या संतापाचा विचार करायला बसले की हाच रकाना डोळ्यांपुढे येतो, कारण त्यात ज्यांच्या चुका मोजल्या जातात त्यांनी आमचा संघ बुडवला नाही.

संघावर रागवायला मी घरी शिकले. दादरच्या आमच्या चाळीत कसोटी सामना असला की बाबांचा ट्रान्झिस्टर खिडकीत यायचा. एरवी ते कुणाशी चढ्या आवाजात बोलत नसत, पण गावसकरने यष्टीबाहेरच्या चेंडूला बॅट लावली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "एवढा मोठा खेळाडू, चेंडू सोडता येत नाही?" असं म्हणत ते रेडिओ बंद करायचे आणि थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा लावायचे. १३ मार्च १९९६ ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर भारत ८ बाद १२० असा कोसळला, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. आमच्या मुंबईचा विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. त्या रात्री बाबा टीव्हीसमोर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रागवावं. हक्कच आहे आपला. पण पोरांच्या अंगावर बाटल्या टाकायच्या नाहीत."

त्या सगळ्या रागामागे एक खात्री होती, इतकी पक्की की तिचा कधी उच्चारही व्हायचा नाही: संघ आपला आहे आणि तो इथेच राहणार आहे. निवड समितीला शिव्या घालता यायच्या, कर्णधार बदला म्हणून ओरडता यायचं. पण मुंबईचा रणजी संघ उचलून दुसऱ्या राज्यात नेण्याचा हक्क कुणालाच नव्हता. असं काही होऊ शकतं हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

१९९९ मध्ये लग्न होऊन मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आले. शेजारी एक आजी राहायच्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. १९६८ मध्ये हा संघ कॅन्सस सिटीहून ओकलंडला आला तेव्हापासून त्या त्याच्यामागे होत्या. १९७२, ७३ आणि ७४ ची लागोपाठ तीन जगज्जेतेपदं त्यांनी पाहिली होती, आणि १९८९ चंही. त्यांनी मला पहिल्यांदा संघाच्या मैदानावर, कॉलिझियममध्ये नेलं. बार्ट या लोकल रेल्वेतून उतरायचं, लांबलचक पादचारी पूल ओलांडायचा, पुलावरच्या विक्रेत्याकडून शेंगदाण्याची पिशवी घ्यायची आणि उजवीकडच्या ब्लीचर्समध्ये जिथे ढोल वाजतात तिथून जवळच बसायचं. बुधवारी दोन डॉलरला तिकीट मिळायचं. नवीन संसारात तेवढी चैन परवडायची.

आजींनी मला स्कोअर लिहायला शिकवलं. गुडघ्यावर पुठ्ठा, त्यावर चौकटींचा कागद, हातात टोक केलेली पेन्सिल. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, असं करत राइट फील्डरपर्यंत ९. शॉर्टस्टॉपकडून चूक झाली की 'ई-६'. तीन तासांचा अख्खा सामना एका पानावर मावतो आणि वर्षांनंतरही ते पान वाचून सामना पुन्हा उभा करता येतो. आजींच्या कागदावर मात्र छापील रकान्यांच्या शेजारी पेन्सिलीने आखलेला एक जादा रकाना असायचा. मैदानावरची माणसं नवापर्यंत संपतात. संघाच्या मॅनेजरने चुकीच्या वेळी पिचर बदलला की त्या तिथे 'ई-१०' लिहायच्या. वरच्या कचेरीतल्या निर्णयाने संघाचं नुकसान झालं की 'ई-११'. मला तो रकाना तेव्हा म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायचा.

कारण माझा राग तेव्हा खेळाडूंवर असायचा, बाबांसारखाच. १३ ऑक्टोबर २००१ ला यांकीजविरुद्ध प्लेऑफमधला तिसरा सामना होता. पाच सामन्यांच्या मालिकेत आम्ही २-० ने पुढे होतो, या सामन्यात ०-१ ने मागे. सातव्या इनिंगमध्ये जेरेमी जियाम्बी पहिल्या बेसवरून घराकडे धावत सुटला. राइट फील्डमधून आलेला थ्रो भलतीकडे गेला होता. तेवढ्यात शॉर्टस्टॉप डेरेक जीटर कुठून तरी धावत आला, त्याने चेंडू उचलून बाजूला झेपावत कॅचरकडे टाकला. जियाम्बीने घसरण घेतली नाही, तो उभ्यानेच आला आणि बाद झाला. आजींच्या कागदावर ९-६-२. सामना गेला आणि मालिकाही गेली. मी कित्येक दिवस त्या एका घसरणीवरून बोटं मोडत होते. साऱ्या ओकलंडने त्याच्यावर खापर फोडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये जियाम्बी सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला तेव्हाही बातम्यांत तोच क्षण होता. एका माणसाच्या सगळ्या कारकिर्दीतलं आपण काय लक्षात ठेवतो, या विचाराने त्या दिवशी माझ्या पोटात कालवलं.

२००१ च्या त्याच हंगामानंतर जेरेमीचा मोठा भाऊ जेसन, आमचा सर्वात मोठा बॅटर, १२ कोटी डॉलरच्या करारावर यांकीजकडे गेला. २००२ मध्ये यांकीजच्या पगाराचा खर्च १२ कोटींच्या वर होता, आमचा जेमतेम ४ कोटी. तरीही संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन याच्या कचेरीने दुसऱ्यांनी टाकून दिलेले खेळाडू आकडेमोड करून निवडले आणि संघाने ओळीने वीस सामने जिंकले. विसावा ४ सप्टेंबरचा. ११-० अशी आघाडी, मग ११-११ अशी बरोबरी आणि शेवटी स्कॉट हॅटेबर्गचा होम रन. त्या रात्री ५५ हजारांवर माणसं मैदानात होती. ओकलंडमध्ये प्रेक्षक येत नाहीत असं पुढे ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांना मला ती रात्र दाखवायची होती. 'मनीबॉल'च्या पुस्तकाने आणि चित्रपटाने ही गोष्ट जगभर नेली. मात्र जगाने जी हुशारीची गोष्ट म्हणून वाचली, ती आम्ही दरवर्षी दुसऱ्या बाजूने जगत होतो. खेळाडू घडवायचा, त्याचं नाव झालं की तो जाणार. पुन्हा नवा घडवायचा, पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

हळूहळू माझा राग मैदानावरून वरच्या कचेरीकडे सरकला. जुलै २०१४ मध्ये लोकांचा लाडका बॅटर सेस्पेडेस बॉस्टनला दिला. त्या वर्षी वाइल्ड कार्डच्या एकमेव सामन्यात कॅन्सस सिटीकडून बाराव्या इनिंगमध्ये ९-८ ने हरलो. नोव्हेंबरमध्ये जॉश डॉनल्डसन टोरोंटोला दिला आणि पुढच्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझा मुलगा तेव्हा शाळेत होता, त्याच्या पाठीवर डॉनल्डसनच्या नावाचा शर्ट. "आई, हा आता कुणाचा?" असं त्याने विचारलं. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आजींनी त्या दिवशी सामना नसतानाही कागद काढला आणि 'ई-११' लिहिलं.

पण कचेरीतली माणसं तरी कुणाच्या पैशाने काम करतात? २००५ मध्ये संघ ल्यू वुल्फ आणि जॉन फिशर यांच्या गटाने घेतला. फिशर हे 'गॅप' कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापक घराण्यातले. २०१६ नंतर सूत्रं त्यांच्याकडेच आली. नव्या स्टेडियमचा शोध मात्र पहिल्यापासून सुरू होता. २००६ मध्ये तर ते आमच्या फ्रीमाँटलाच होणार होतं, २००९ मध्ये तो बेत बारगळला. मग सॅन होजे. तो भाग शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाच्या हद्दीत येतो म्हणून बेत अडला. सॅन होजे शहर कोर्टात गेलं, पण बेसबॉलला १९२२ च्या निकालापासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे, तिच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. मग ओकलंडमध्येच लेनी कॉलेज, मग बंदराजवळचं हॉवर्ड टर्मिनल. या सगळ्या वर्षांत कॉलिझियम झिजत गेलं. २०१३ मध्ये सांडपाणी तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं.

मार्च २०२२ मध्ये आठवड्याभरात बॅसिट, ओल्सन आणि चॅपमन हे आमचे तीन मोठे खेळाडू गेले. त्या वर्षी आम्ही १०२ सामने हरलो, पुढच्या वर्षी ११२. एप्रिल २०२३ मध्ये संघाने जाहीर केलं की लास वेगासमध्ये जागा ठरली आहे. तेव्हा मला कळलं की ही पडझड नव्हती. हरणारा संघ, ओस पडलेलं मैदान, मग ओस मैदानाकडे बोट दाखवून गाव सोडायचं, असा तो क्रम होता. लीगमध्ये संघ तीसच आहेत आणि संघ हवा असलेली शहरं त्याहून जास्त. त्यामुळे मालकाला जाण्याची धमकी देणं नेहमीच सोपं असतं.

१३ जून २०२३ ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. बहिष्कार म्हणून घरी बसायचं नाही, उलट मैदान भरायचं आणि माणसं आहेत हे दाखवायचं. एरवी काही हजार माणसं असायची, त्या मंगळवारी २७,७५९ आली. हिरव्या शर्टांवर एकच शब्द होता: 'विका'. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळं मैदान ठरवून गप्प झालं, आणि मग "संघ विका" अशी गर्जना उठली. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आजींचा आवाज मला त्यातही वेगळा ऐकू आला. पण माझ्या मनात राहिली ती दुसरी गोष्ट. तोच जमाव प्रत्येक बॅटरच्या नावाला टाळ्या देत होता. साधा झेल घेणाऱ्या नवख्या पोराचंही कौतुक होत होतं. देशातल्या सर्वात वाईट संघाने त्या दिवशी सर्वात चांगल्या टॅम्पा बे संघाला २-१ ने हरवलं. बाबांनी कांबळीसाठी जे म्हटलं होतं ते हजारो माणसं एकत्र पाळत होती: राग मालकावर, माया खेळाडूंवर.

त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी मदतीला मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये सगळ्या संघमालकांनी एकमताने स्थलांतराला होकार दिला. २६ सप्टेंबर २०२४ ला कॉलिझियममधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ माणसं आली आणि संघ टेक्सासविरुद्ध ३-२ ने जिंकला. मी मुलाला घेऊन गेले. आजी आल्या नाहीत. "निरोप जाणाऱ्याने घ्यायचा असतो. मी कुठेच जात नाहीये," असं म्हणाल्या. आता संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या मैदानावर खेळतो, नावापुढे गाव न लावता. २०२८ मध्ये वेगासला जायचा बेत आहे. निक कर्ट्झ नावाचा तरुण तिथे सुरेख खेळतो, २०२५ मध्ये एका सामन्यात त्याने चार होम रन मारले. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. पण त्या मैदानावर मी जाणार नाही.

मी आता वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कवर जाते. तिथे 'ओकलंड बॉलर्स' हा छोट्या लीगचा संघ २०२४ पासून खेळतो. त्याचा काही हिस्सा सामान्य चाहत्यांनी विकत घेतला आहे, आजींच्या आणि माझ्या नावावरही थोडा आहे. २०२५ मध्ये त्यांनी आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं. तिथेही झेल सुटतात, तिथेही मी चिडते. पण त्या चिडण्याला आता अर्थ आहे, कारण ते ऐकून घ्यायला कुणीतरी बांधील आहे. मोठ्या खेळातही हे अशक्य नाही. अमेरिकन फुटबॉलचा ग्रीन बे पॅकर्स संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे, आणि म्हणूनच ते लहानसं गाव आपला संघ अजून राखून आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. पुण्याच्या नावाने आयपीएलमध्ये दोन संघ आले, पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये संपला, रायझिंग पुणे सुपरजायंट दोन हंगाम खेळून २०१७ नंतर उरला नाही. लीग वाढत आहेत, गावांची नावं शर्टांवर चढत आहेत. अशा वेळी संघावर जरूर जीव लावा, तो हरला की जरूर चिडा. पण त्याआधी विचारा की गावाचं नाव लावणाऱ्या या संघात गावाचा हिस्सा किती, आणि संघ विकायचा किंवा हलवायचा झाला तर गावाला कोण विचारणार. आम्ही हे विचारलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुम्ही पहिल्याच हंगामात विचारा.