घासलेल्या टायरची कैफियत

सुरतेत राहून वकिली करणाऱ्या माणसाने टायर ह्या विषयावर लेखणी उचलावी, हे आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. इथे राहून हिऱ्यांवर लिहावे, जरीवर लिहावे, उंधियूवर लिहावे. काहीच सुचले नाही तर १६६४ सालच्या स्वारीवर लिहावे आणि मराठी असल्याबद्दल शेजाऱ्यांची गमतीने क्षमा मागावी. टायरवर काय लिहायचे? रस्त्यावरून फिरणारी ही काळी वर्तुळे पंक्चर होईपर्यंत आमच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या भाच्याने ती आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवली, आणि तेव्हापासून ती आमच्या मनातून जावयास तयार नाहीत.

आमचा हा भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. चार मित्र मिळून त्यांनी एक जुनी एटीव्ही विकत घेतली होती. मोटारसायकलचे हँडल, चार फुगीर चाके आणि वर उघडे आसन, असे हे वाहन. शिवाय भंगारात निघालेली एक रिक्षा, तिचे छत उतरवून, त्यांनी जोडीला घेतली होती. ओलपाड तालुक्यात एका मित्राच्या पडीक शेतात पाणी मारून, रोलर फिरवून लंबगोल मार्ग केला होता. सपाट मातीच्या ह्या मार्गावर फक्त डावीकडे वळत फेऱ्या घालायच्या आणि वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवत न्यायची, हा खेळ. अमेरिकेत तो फार जुना आहे. होंडा कंपनीने १९७० साली तीन फुगीर चाकांचे वाहन तिथे आणले, तेव्हा तेही ह्या मैदानात उतरले. पुढे अपघात वाढले, सरकार न्यायालयात गेले, आणि १९८८ साली झालेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबली. हा शेवटचा तपशील भाच्याने आम्हांस सांगितला नव्हता. तो आम्हीच शोधून काढला आणि बहिणीस कळवला. त्याचा उपयोग झाला नाही. "मामा, आमच्या एटीव्हीला चार चाके आहेत," एवढेच उत्तर मिळाले. रिक्षेचा उल्लेख त्याने सोयीस्करपणे टाळला.

दिवाणखान्यात वाद चालला होता तो टायर कोणते घ्यावेत ह्याचा. एक पक्ष मोठमोठ्या गुटख्यांच्या, म्हणजे ठसठशीत उंचवट्यांच्या टायरांचा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की मऊ मातीत हे उंचवटे रुततात आणि गाडी पुढे ढकलतात हे खरे; पण फेऱ्या होऊन माती घट्ट झाली, की तेच उंचवटे बोटांसारखे वाकतात आणि गाडी दगा देते. अशा जमिनीवर ठेंगणे, दाट ठोकळ्यांचे, सपाट तोंडाचे टायर हवेत. एका मुलाने तर कोरणी तापवून ठोकळ्यांवर बारीक चिरा पाडण्यास सुरुवात केली; चिरेची धार माती धरते आणि रबराची उष्णताही त्यातून निघते म्हणे. आणखी एक नवल असे, की उजवे मागचे चाक डाव्यापेक्षा किंचित मोठे घ्यायचे. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असल्यामुळे गाडी आपोआप डावीकडे वळू पाहते. आम्हांस हे पटेना. तेव्हा भाच्याने स्वयंपाकघरातून निमुळता पेला आणला, आडवा करून फरशीवर ढकलला, आणि पेला सरळ न जाता ऐटीत वर्तुळ घेऊन परत आला. इतका स्पष्ट पुरावा आमच्यासमोर न्यायालयातही क्वचितच आला असेल.

आमची आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. तिचे बालपण मंगेशीच्या परिसरात गेलेले. ती म्हणाली, "आमच्या रथाचीं चाकां लांकडाचीं, पूण देव केन्नाच पडूंक ना." मुले हसली, आम्हांस मात्र त्यात तथ्य वाटले. माघातल्या जत्रेत महारथ निघतो, तेव्हा दोर ओढणारे शेकडो असतात, पण रथ सांभाळतात ती चाकांजवळची चार जाणती माणसे. कुठे पाचर सारायची, कुठे काढायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. चाक लाकडाचे की रबराचे, हा प्रश्न दुय्यम. जमीन ओळखणारा माणूस जवळ हवा. आणि देवालाही रबराचे वावडे नाही. कोलकात्याच्या इस्कॉनच्या रथयात्रेत जगन्नाथाचा रथ कित्येक वर्षे बोइंग विमानाच्या टायरांवर चालत होता; ते जीर्ण झाल्यावर २०२५ साली सुखोई लढाऊ विमानाचे टायर त्यास बसवण्यात आले. आईला हे सांगितले, तेव्हा तिने हात जोडले. देवाला की सुखोईला, ते कळले नाही.

हवा भरलेल्या टायरचा जन्मही तीन चाकांवरच झाला, ही गोष्ट आम्हांस ह्याच निमित्ताने समजली. बेलफास्टचे जॉन बॉयड डनलॉप हे व्यवसायाने जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर खडखडत असे. बापाने रबराची नळी करून, वर कापड गुंडाळून, लाकडी चकतीवर चढवली आणि हवा भरली. मग अंगणात जुने चाक आणि नवे चाक एकाच जोराने ढकलून पाहिले. जुने वाटेत आडवे झाले. नवे समोरच्या फाटकावर आपटून परत उडाले. १८८८ सालच्या डिसेंबरात त्यांना पेटंट मिळाले. १८८९ साली विली ह्यूम ह्या सायकलस्वाराने बेलफास्टच्या शर्यतींत ह्याच टायरांवर प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. परंतु पुढे असे उघड झाले, की रॉबर्ट थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थाने हीच कल्पना चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली होती. डनलॉपचे पेटंट रद्द ठरले; नाव मात्र राहिले. कायद्यातला निकाल आणि लोकांतला निकाल ह्यांत हे असे अंतर पडते. हे वाक्य आम्ही त्या दिवशी मोठ्या रुबाबात उच्चारले. ते आमच्यावरच उलटणार आहे ह्याची तेव्हा कल्पना नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही ओलपाडला गेलो. बहिणीने देखरेखीस पाठवले होते. वाटेत रिक्षांच्या शर्यतीची आम्ही थट्टा केली, तेव्हा भाच्याने सांगलीजवळच्या हरिपूरचे उदाहरण फेकले. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे, हळदीच्या पेवांचे, नाटककार देवलांचे हे गाव. तिथे संगमेश्वराच्या यात्रेनिमित्त रिक्षा उलट्या चालवण्याची शर्यत होते. रिक्षा मागे धावू लागली, की वळवणारे एकटे चाक मागे राहते आणि जराशा धक्क्याने सारी गाडी भलतीकडे फिरते. देवाच्या दारी अशी कसरत चालत असेल तर पडीक शेतात का चालू नये? युक्तिवाद बिनतोड होता. हा मुलगा वकील व्हायला हवा होता.

सकाळी माती ओलसर होती. उंचवट्यांचे टायर लावलेली एटीव्ही मातीचे फवारे उडवत धावली. दुपारपर्यंत मार्ग तापून शहाबादी फरशीसारखा गुळगुळीत झाला आणि तीच गाडी वळणावर मार्ग सोडून पऱ्हाटीत शिरू लागली. टायर बदलले, हवा कमीजास्त करून पाहिली, आणि मग ती ठीक चालली. रिक्षेची कथा निराळी. तिला मुलांनी हौसेने कोरे, मऊ रबराचे टायर घातले होते. दुसऱ्याच वळणावर त्यांनी जमीन घट्ट धरली. चाक घसरेना, आणि न घसरल्यामुळे सारी रिक्षाच उजवीकडे कलली आणि हळूच आडवी झाली. चालवणाऱ्या मुलाचा कोपर सोलवटला, एवढ्यावर निभावले. पण आमच्या छातीतले धडधडणे बराच वेळ थांबले नाही. मग मुलांनी भंगारातले मूळचे टायर पुन्हा चढवले. ते इतके घासलेले होते, की त्यांवरची नक्षी शोधावी लागे. त्या टायरांवर रिक्षा प्रत्येक वळणावर लांब घसरत गेली, पण उलटली नाही.

संध्याकाळी त्याच टायरांवरची रिक्षा टेम्पोत चढवण्यासाठी डांबरी रस्त्यापर्यंत न्यायची होती. आमच्यातला वकील जागा झाला. "अरे, ह्या टायरांना ब्रेक तरी लागेल का?" भाचा म्हणाला, "मामा, रस्ता कोरडा आहे. नक्षी असते ती पाणी बाजूला काढायला. कोरड्या डांबरावर नक्षीचे काय काम? उलट रबर जितके जास्त टेकेल तितकी पकड जास्त. शर्यतीच्या मोटारींचे कोरड्यातले टायर अगदी गुळगुळीत असतात." एवढ्यावर न थांबता त्याने सांगितले, की १९९८ ते २००८ ह्या काळात फॉर्म्युला वनच्या नियमांनी कोरड्या टायरांवरही चर सक्तीचे केले होते, ते पकड कमी व्हावी आणि गाड्यांचा वेग घटावा म्हणून.

आम्ही गप्प झालो. भाच्यास वाटले, मामांना पटले. मामांना काही निराळेच आठवले होते.

काही वर्षांपूर्वी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे आम्ही एक प्रकरण चालवले होते. अर्जदार खानदेशातून सुरतेत आलेला रिक्षावाला. कापड बाजारातून तागे लादून उधन्याकडे निघाला असता समोरून वळलेल्या ट्रकशी त्याची टक्कर झाली. पाय मोडला, दोन शस्त्रक्रिया झाल्या, रिक्षा वर्षभर बंद राहिली. आम्ही ट्रकवाल्यांच्या बाजूने उभे होतो. ट्रकचा दोष धडधडीत होता. तो नाकारणे शक्य नव्हते. पण पंचनाम्यात एक ओळ होती : रिक्षेचे मागचे दोन्ही टायर घासलेले. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ वा नियम आम्हांस पाठ होता. दुचाकी-तीनचाकींच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. आम्ही उलटतपासणीस उठलो. "टायरवर नक्षी होती का?" "होती साहेब, थोडी." "थोडी म्हणजे किती?" तो गोंधळला. आजूबाजूला पाहिले, आणि आपल्या अंगठ्याचे नख आम्हांस दाखवले. न्यायकक्षात हशा पिकला. सहभागी निष्काळजीपणा मान्य झाला. त्याची भरपाई एक चतुर्थांशाने कमी झाली. त्या उलटतपासणीची वाखाणणी बाररूममध्ये महिनाभर चालली होती, आणि खोटे कशाला बोला, आम्हांस ती आवडली होती.

अपघात वैशाखातल्या दुपारचा होता. रस्ता तव्यासारखा कोरडा होता. हे पंचनाम्यात लिहिलेले होते, आणि ती ओळ आम्ही वाचलीही होती. पण त्या दोन ओळी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांस सुचले नाही. त्याच्या वकिलासही सुचले नाही आणि न्यायाधिकरणासही नाही. नियमभंग झाला होता, ह्यात शंका नाही. तो नियम चुकीचा आहे असेही आम्ही म्हणत नाही. आषाढात सुरतेच्या रस्त्यांवर पाणी साचते तेव्हा त्या मिलिमीटरभर खोलीवर माणसाचा जीव अवलंबून असतो. आणि रबर झिजून आतले धागे दिसू लागले तर कोरड्यातही टायर फुटण्याचे भय आहेच. परंतु नियम मोडला म्हणून अपघात झाला, हे दुसरे विधान पहिल्यातून निघत नाही. कार्य आणि कारण ह्यांमधला दुवा सिद्ध करावा लागतो, हे कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकवतात. तो दुवा आम्ही एका हशावर जोडून टाकला होता.

वकिलाचे काम अशिलाची बाजू मांडण्याचे, विरुद्ध पक्षाची उणीव भरून काढण्याचे नव्हे, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. ते खोटेही नाही. अपिलाची नव्वद दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती, आणि विरुद्ध पक्षाच्या दारी जाऊन त्याला हे सांगणे आमच्या व्यवसायाच्या शिस्तीत बसत नव्हते. सारे खरे. तरी रात्री फरशीवर पडलेला तो पेला डोळ्यांसमोर येई आणि वर्तुळ घेऊन आमच्याकडेच परत येई.

गणेशोत्सवाच्या आधल्या दिवशी आम्ही लिंबायतच्या बाजूस रिक्षा थांबवली, तर चालक तोच. आम्ही ओळखण्याआधी त्याने ओळखले. "वकीलसाहेब ना?" आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. पाऊस भुरभुरत होता. तो थोडा लंगडत उतरला, आमची पिशवी आत ठेवली. मग मागच्या चाकाकडे बोट करून, खानदेशी वळणाच्या मराठीत म्हणाला, "बघा साहेब, नवे आहेत. तेव्हापासून टायर घासू देत नाही. तुम्ही म्हणालात ते डोक्यात बसलं."

आम्ही काय बोलणार? त्याने आमचा आरोप खरा मानला होता. इतकी वर्षे तो आपल्या मोडलेल्या पायाचा चौथा हिस्सा स्वतःच्या माथी मारून घेत होता. उतरताना आम्ही म्हणालो, "तुमच्या टायरचा त्या दिवशी दोष नव्हता. रस्ता कोरडा होता. चूक आमची होती." त्याने आमच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग म्हणाला, "आता काय साहेब त्याचं," आणि ठरलेले भाडे मोजून घेतले. आम्ही दिलेले वरचे पैसे परत केले.

त्यानंतर तशाच एका प्रकरणाचे कागद आमच्या टेबलावर आले. त्यातही टायर घासलेले होते. आम्ही आधी पंचनाम्यातली रस्त्याची ओळ शोधली. रस्ता कोरडा होता. तो मुद्दा आम्ही कैफियतीत घेतला नाही, आणि अशिलास कारणही सांगितले. तो थोडा नाराज झाला. भाच्याने मात्र हे ऐकून एटीव्हीचा एक जुना, पार गुळगुळीत झालेला टायर आम्हांस भेट दिला. आता तो आमच्या कचेरीच्या कोपऱ्यात असतो. येणारे अशील विचारतात, हे काय? आम्ही सांगतो, साक्षीदार आहे. उशिरा आलेला.